दर सेकंदाला हजार कोटी जखमा

१९५४ सालच्या ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेलीतल्या खानवेलजवळच्या एखाद्या पाड्यावर एक मुलगी जन्मली, असे धरून चालू. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले होते. पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो आपले शिपाई घेऊन खानवेलच्या बाजूला निघून गेला होता आणि ११ ऑगस्टला त्याने शरणागती पत्करली. त्या धामधुमीत जन्मलेली ती मुलगी आज सत्तरी ओलांडलेली आजी आहे. तिच्या डोळ्यांदेखत हा मुलूख भारतात विलीन झाला, दमणगंगेवर मधुबन धरण आले, दुधनीकडची खोरी पाण्याखाली गेली, २०२० मध्ये दमण-दीवशी जोडून नवा केंद्रशासित प्रदेश झाला. एवढ्या काळात तिच्या शरीरातले काय काय बदलले? आतड्याचे अस्तर काही दिवसांनी नवे होते, तांबड्या रक्तपेशी चार महिन्यांनी, कातडीचा वरचा थर महिन्या-दीड महिन्याने. मेंदूच्या वरच्या थरातल्या चेतापेशी मात्र जन्माच्या वेळी होत्या त्याच आहेत. सत्तर वर्षांत त्यांतली एकही विभागली नाही.

हे आज ठामपणे सांगता येते ते अणुबाँबच्या चाचण्यांमुळे. १९५५ पासून १९६३ पर्यंत हवेत झालेल्या स्फोटांनी वातावरणातला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केला, आणि चाचण्यांवर बंदी आल्यावर तो दर वर्षी ओसरत गेला. झाडे तो कार्बन घेतात, झाडांकडून तो आपल्याकडे येतो, आणि पेशी विभागताना जो नवा डीएनए तयार होतो त्यात त्या वर्षाचे प्रमाण कायमचे नोंदले जाते. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील कर्स्टी स्पाल्डिंग आणि योनास फ्रिसेन यांनी २००५ मध्ये मृत व्यक्तींच्या मेंदूतल्या पेशी वेगळ्या काढून त्यांच्या डीएनएतला हा कार्बन मोजला. वरच्या थरातल्या चेतापेशींचे वय माणसाच्या वयाइतकेच निघाले. आपल्या खानवेलच्या आजीच्या चेतापेशींत म्हणूनच बाँबच्या आधीच्या हवेतला कार्बन आहे.

आता गुणाकार करू. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या चेतापेशींची मोजदाद प्रसिद्ध केली: सुमारे ८,६०० कोटी. २०११ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती. म्हणजे एका डोक्यातल्या चेतापेशी या सबंध मुलखातल्या माणसांच्या अडीच लाख पट. त्यातल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या, आईकडून आलेल्या ३२० कोटी आणि बापाकडून आलेल्या ३२० कोटी अक्षरजोड्या आहेत, एकूण ६४० कोटी. दोन जोड्यांमधले अंतर मिलिमीटरच्या तीस लाखाव्या भागाइतके. पण ६४० कोटींनी गुणल्यावर एका पेशीतला डीएनए दोन मीटर लांब भरतो. हा दोन मीटरचा धागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात मावतो. एका मेंदूतल्या चेतापेशींचे सगळे धागे टोकाला टोक जोडले तर लांबी १७ कोटी २० लाख किलोमीटर होते. पृथ्वीपासून सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. सिल्वासा ते खानवेल हा वीसेक किलोमीटरचा रस्ता धरला तर तो ८६ लाख वेळा कापावा लागेल.

हा एवढा लांब धागा मुळात टिकाऊ नाही, हे कळायला १९७० चे दशक उजाडावे लागले. स्वीडनचे टोमास लिंडाल यांनी दाखवले की डीएनए नुसत्या पाण्यात, नुसत्या शरीराच्या उष्णतेने, कोणतेही विष किंवा किरण न लागता, आपोआप मोडत असतो. एका पेशीत दिवसाकाठी सुमारे दहा हजार अक्षरे आपल्या जागेवरून गळून पडतात. काहींचे रूप बदलून वेगळेच अक्षर होते. शिवाय प्राणवायूमुळे होणारी इजा आहेच, आणि मेंदू हे त्याबाबतीत फार खर्चिक इंद्रिय आहे: वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू वापरतो वीस टक्के. लिंडाल यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते ही मोड आणि तिची दुरुस्ती उलगडल्याबद्दल. आपण हिशेबासाठी दहा हजार हाच आकडा घेऊ. खरी संख्या त्याहून मोठी आहे, कमी नाही.

दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे एका चेतापेशीत दर साडेआठ-नऊ सेकंदांनी एक जखम. आणि ८,६०० कोटी पेशी मिळून एका सेकंदाला सुमारे १,००० कोटी जखमा. पृथ्वीवर माणसे आठशे कोटींच्या थोडी वर आहेत. आजी उंबऱ्यात बसून नागली पाखडते आहे तेवढ्यात, एका सेकंदात, तिच्या एकटीच्या डोक्यात जगातल्या माणसांहून जास्त ठिकाणी डीएनए दुखावला जातो. दिवसाची बेरीज ८.६ कोटी कोटी. सत्तर वर्षांचे दिवस साधारण २५,५६७. म्हणजे एकेका चेतापेशीच्या वाट्याला आयुष्यात साडेपंचवीस कोटी जखमा. ६४० कोटी जोड्यांत त्या वाटून दिल्या तर दर पंचवीस जोड्यांमागे एक.

आणि तरीही ती नातवंडांची नावे विसरत नाही.

कारण या जखमा जवळजवळ सगळ्या भरून निघतात. किती, ते २०२१ मध्ये मोजले गेले. केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतल्या संशोधकांनी डीएनएचा एकेक रेणू दोन्ही बाजूंनी वाचून पाहण्याची अतिशय काटेकोर पद्धत बसवली आणि चेतापेशींत वर्षाला किती अक्षरे कायमची बदलतात ते पाहिले. उत्तर आले साधारण सतरा. वर्षाला साडेछत्तीस लाख जखमा आणि त्यातून उरणारे कायमचे बदल सतरा: दोन लाखांहून अधिक जखमांमागे एक. मला या विषयातला सगळ्यात मोठा आकडा विचारला तर मी सूर्यापर्यंतची लांबी सांगणार नाही, हा दोन लाखांना एक सांगेन.

एक गोष्ट इथे नीट वेगळी ठेवायला हवी. जखम आणि बदल या दोन गोष्टी आहेत. जखम म्हणजे अक्षर तुटले, गळाले, शेजारच्याला चिकटले. ते ओळखता येते आणि बदलता येते. बदल म्हणजे चुकीचे अक्षर दोन्ही धाग्यांवर व्यवस्थित जोडीने बसले. आता त्याला चूक म्हणणारा कोणी उरला नाही. विभागणाऱ्या पेशीत जखमेचा बदल होतो तो मुख्यतः नक्कल करताना. चेतापेशी नक्कल करतच नाही. तिथे सतरा बदल होतात ते दुरुस्तीतच झालेल्या गफलतींनी, असे आज मानले जाते.

सतरा हा आकडा लहान वाटतो, पण गुणाकाराला आपण मागे हटू नये. सत्तर वर्षांत एका पेशीत सुमारे १,१९० बदल. मेंदूच्या वरच्या थरात १,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या सगळ्यांचे मिळून १९ लाख कोटी बदल. जागा आहेत ६४० कोटी. म्हणजे सरासरीने पाहिले तर डीएनएतली प्रत्येक जागा आजीच्या मेंदूत कुठल्या ना कुठल्या तीन हजार पेशींत बदललेली आहे.

खानवेलमध्ये एका अक्षराची किंमत काय असते हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. इथल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आहे. शाळेत रक्त तपासतात, लग्नाआधी कार्ड पाहावे असे कर्मचारी सांगतात, १ जुलै २०२३ ला देशभरासाठी सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानात ० ते ४० वयाच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. या सगळ्याच्या मुळाशी हिमोग्लोबिनच्या जनुकातले एक अक्षर आहे: ‘ए’च्या जागी ‘टी’. ३२० कोटींतले एक. ज्याला हा आजार आहे त्याच्या डीएनए असलेल्या प्रत्येक पेशीत ते चुकीचे अक्षर असते, यकृतात, स्नायूत, मेंदूतसुद्धा. पण आजार रक्तातून येतो, कारण हिमोग्लोबिनचे जनुक भरभरून वाचले जाते ते मज्जेतल्या, तांबडी पेशी बनणाऱ्या पेशींत. त्या जागेचा बदल आजीच्या मेंदूतल्या हजारो पेशींत वयानुसार आपोआप झालेला असला तरी तिला त्याचा पत्ता लागत नाही. चेतापेशीचे हिमोग्लोबिनवर काही अडत नाही.

तांबडी पेशी या कहाणीत आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. पूर्ण तयार होताना ती आपले केंद्रकच बाहेर टाकते. शरीरातल्या सुमारे ३० लाख कोटी पेशींपैकी २५ लाख कोटी तांबड्या आहेत, आणि त्यांतल्या एकीतही डीएनए नाही. वाचायचे काही नाही, दुरुस्त करायचे काही नाही, झिजलेले प्रथिन बदलण्याची सोय नाही. ती १२० दिवस चालते; सिकलसेलमध्ये दहा-वीस दिवसच. शरीर सेकंदाला वीस लाखांवर नव्या तांबड्या पेशी ओतत राहते म्हणून हा कारभार निभावतो. चेतापेशीला असा पर्याय नाही. तिला सत्तर, ऐंशी, शंभर वर्षे त्याच धाग्यावर काढायची आहेत, म्हणून तिला धागा वाचत राहावा लागतो आणि वाचता येईल असा राखावा लागतो. या दोन कामांचे नाते हाच आपला खरा विषय.

वाचणे म्हणजे काय? आरएनए पॉलिमरेज नावाचे यंत्र डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकावरून अक्षरामागून अक्षर सरकते आणि त्याची आरएनए प्रत काढते. वेग सेकंदाला चाळीसेक अक्षरे. बहुतेक जनुके काही मिनिटांत किंवा तासाभरात वाचून होतात. पण काही प्रचंड लांब आहेत. स्नायूला लागणाऱ्या डिस्ट्रोफिनचे जनुक बावीस-तेवीस लाख अक्षरांचे आहे. १९९५ मध्ये मोजले गेले तेव्हा ते एकदा वाचायला सोळा तास लागतात असे दिसले. म्हणजे पहाटे पाचला कोंबडा आरवताना यंत्र निघाले तर रात्री नऊला पोचते, आणि वाटेत कुठेही सोडून दिले तर पुन्हा पहिल्यापासून. एवढ्या प्रवासानंतर तयार प्रतीत राहतात सुमारे चौदा हजार अक्षरे. बाकी सगळे कापून टाकले जाते. आता दिवसाला दहा हजार जखमांचा हिशेब या जनुकाला लावा: रोज तीन-चार जखमा याच पट्ट्यात, त्यातल्या निम्म्या वाचल्या जाणाऱ्या धाग्यावर. एका सोळा तासांच्या प्रवासात यंत्राच्या वाटेवर सरासरी एक तरी नवी जखम होणारच. आणि चेतापेशींत असल्या लांब जनुकांचा भरणा फार आहे. चेतापेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारी प्रथिने बहुधा लांबलचक जनुकांवरून येतात.

किरकोळ जखम असेल तर यंत्र तिच्यावरून जाते किंवा ती आधीच भरलेली असते. धागा वाकवणारी मोठी जखम असेल तर ते तिथेच अडकते. उन्हातल्या अतिनील किरणांनी शेजारची दोन अक्षरे एकमेकांना चिकटतात, ती असली जखम. भर उन्हाळ्यात उघड्या त्वचेच्या एका पेशीत दिवसाला अशा लाखभर जखमा होऊ शकतात असा अंदाज आहे. वर्ण, वेळ, ऋतू याप्रमाणे तो कमी-जास्त होतो. लाखभर म्हणजे दर चौसष्ट हजार जोड्यांमागे एक. भाताच्या लावणीला मान खाली घालून दिवसभर उभ्या असणाऱ्या बायकांच्या मानेची कातडी हा हिशेब रोज सोसते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले फिलिप हॅनावॉल्ट यांनी १९६० च्या दशकात डीएनएचा खराब तुकडा कापून नवा भरला जातो हे शोधणाऱ्यांत भाग घेतला होता. १९८५ मध्ये विल्हेल्म बोर आणि त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: दुरुस्ती सगळीकडे सारखी होते का? चिनी हॅमस्टरच्या पेशींना अतिनील किरण देऊन त्यांनी सव्वीस तास वाट पाहिली. सतत वाचल्या जाणाऱ्या एका अत्यावश्यक जनुकातल्या दोन तृतीयांशाहून जास्त जखमा नाहीशा झाल्या होत्या. संपूर्ण डीएनएची सरासरी पाहिली तर फक्त पंधरा टक्के. दोन वर्षांनी इसाबेल मेलन यांच्या प्रयोगाने चित्र आणखी धारदार केले. त्याच जनुकाचे दोन धागे वेगवेगळे पाहिले तेव्हा वाचल्या जाणाऱ्या धाग्यावरच्या ऐंशी टक्के जखमा चार तासांत गेल्या होत्या. समोरच्या न वाचल्या जाणाऱ्या धाग्यावर चोवीस तासांनंतरही फारसे काही झाले नव्हते.

जखम शोधून काढणारे मुख्य यंत्र म्हणजे वाचणारेच यंत्र, असा याचा अर्थ. खानवेलच्या जंगलात पावसाळ्यानंतर जी पायवाट रोज वापरात असते तिच्यावर झाड पडले तर पहिल्या माणसालाच कळते, आणि संध्याकाळपर्यंत ते बाजूला होते; जिथून कुणी जात नाही तिथे तेच झाड वर्षभर पडून राहते. पॉलिमरेज जखमेपाशी थांबते, मग सीएसबी नावाचे प्रथिन त्याला येऊन चिकटते, सीएसए येते, पाठोपाठ दुरुस्तीची टोळी जमते. अडकलेले यंत्र मागे सरकवले जाते किंवा उतरवले जाते, जखमेच्या दोन्ही बाजूंना काप घेऊन सुमारे तीस अक्षरांची पट्टी काढली जाते आणि समोरच्या धाग्यावरून पाहून नवी भरली जाते. यात तीसच्या आसपास प्रथिने लागतात. वाचनाशी संबंध न ठेवता सगळा धागा चाचपत फिरणारी दुसरी शोधपथकेही आहेत, पण त्यांना ६४० कोटी जोड्या पालथ्या घालायच्या असतात.

ही यंत्रणा जन्मतःच बिघडली तर काय होते ते कॉकेन सिंड्रोममध्ये दिसते. लंडनचे डॉक्टर एडवर्ड कॉकेन यांनी १९३६ मध्ये त्याचे वर्णन केले. सीएसए किंवा सीएसबी यांपैकी एक काम करत नाही. मूल पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून वाढायचे थांबते, उन्हाने भाजते, ऐकू-दिसू कमी होते, मेंदू आक्रसतो. बहुतेक मुले किशोरवय ओलांडत नाहीत. आणि एवढे असून त्यांना कर्करोग होत नाही. दुसऱ्या, सगळीकडे फिरणाऱ्या शोधपथकाचे प्रथिन बिघडले तर झेरोडर्मा पिगमेंटोझम होतो, ज्यात त्वचेच्या कर्करोगाचा धोका हजारो पटींनी वाढतो. दोन आजार शेजारी ठेवले की कामाची वाटणी लख्ख दिसते: न वाचलेल्या भागातली जखम विभागणाऱ्या पेशीला कर्करोगाकडे नेते, वाचल्या जाणाऱ्या भागातली जखम न विभागणाऱ्या पेशीला संपवते. जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट, कारण हे औषध आपल्याकडे जुलाबावर सर्रास दिले जाते: कॉकेन सिंड्रोम असलेल्या मुलाला मेट्रोनिडॅझोल देऊ नये. त्याने यकृत अचानक निकामी होऊन मृत्यू झालेले आहेत.

चेतापेशीपर्यंत मात्र आपण अजून पोचलो नाही. हॅमस्टरच्या पेशी विभागणाऱ्या होत्या. २००० मध्ये थिएरी नूस्पिकेल आणि हॅनावॉल्ट यांनी प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींपासून तयार केलेल्या, विभागणे कायमचे थांबवलेल्या चेतापेशी घेतल्या आणि तोच प्रश्न विचारला. संपूर्ण डीएनएची दुरुस्ती फार मंदावलेली होती. चिकटलेल्या जोड्या बहुतेक भागात तशाच पडून होत्या. वाचली जाणारी जनुके मात्र चांगली दुरुस्त होत होती, आणि आश्चर्य म्हणजे त्यांचे दोन्ही धागे. हॅमस्टरच्या पेशींत दुर्लक्षित राहिलेला समोरचा धागाही इथे राखला जात होता. त्याचे कारण त्यांनी दिले ते मला फार पटते. वाचल्या जाणाऱ्या धाग्याची पट्टी कापली की ती भरायची समोरच्या धाग्यावर पाहून. जी पेशी सत्तर वर्षे विभागणार नाही तिच्या त्या समोरच्या धाग्यावर जखमा साचत गेल्या, तर एक दिवस पाहून भरायला नमुनाच शिल्लक राहणार नाही. म्हणून वाचनाच्या पूर्ण क्षेत्रात दोन्ही बाजू राखायच्या, आणि उरलेल्या विशाल प्रदेशाचा खर्च वाचवायचा.

ही कुवत नष्ट झालेली नसते. २००६ मध्ये त्याच दोघांनी विभागणे थांबवलेल्या मॅक्रोफेज या संरक्षक पेशींवर काम करून दाखवले की ई१ नावाचे एक विकर बाहेरून घातले तर मंदावलेली दुरुस्ती पुन्हा वेग घेते. सगळी हत्यारे जागेवर असतात; त्यांच्यावरचे एक बटण खाली केलेले असते. हे बटण वर केले तर वयस्कर मेंदूला फायदा होईल की निव्वळ ऊर्जा खर्च होईल, हा प्रश्न अजून उघडा आहे. या काटकसरीचा एक धोका त्यांनी सुचवला: एखादी चेतापेशी काही कारणाने पुन्हा विभागण्याच्या तयारीला लागली, तर ज्या भागात वर्षानुवर्षे जखमा साचल्या आहेत त्याची नक्कल करावी लागेल आणि पेशी मरेल. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत अशी तयारी सुरू केलेल्या चेतापेशी सापडतात, म्हणून ही कल्पना टाकून देता येत नाही.

वाचनाने दुरुस्ती होते, एवढेच सांगून थांबलो तर अर्धे सत्य होईल. वाचनाने जखमही होते. धागा उलगडताना पुढे पीळ साचतो, आणि तो सोडवायला टोपोआयसोमरेज हे विकर डीएनए मुद्दाम कापते आणि पुन्हा जोडते. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात उंदरांना दोन तास नव्या जागेत हिंडू दिले तेव्हा त्यांच्या मेंदूत डीएनएचे दोन्ही धागे तुटल्याच्या खुणा वाढल्या. चोवीस तासांत त्या पूर्ववत झाल्या. २०१५ मध्ये एमआयटीतल्या ली-ह्वे त्साई यांच्या गटाने दाखवले की हे तुटणे ‘फॉस’सारख्या, अनुभव आला की क्षणात जागे होणाऱ्या जनुकांच्या दारातच होते आणि जनुक जागे होण्यासाठीच होते. २०२१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी चेतापेशींत दुरुस्ती कुठे चालते याचा नकाशा काढला. ती विखुरलेली नव्हती. हजारो ठरावीक ठिकाणी, जनुके चालू-बंद करणाऱ्या भागांत, पुन्हा पुन्हा होत होती. नवे काही शिकताना पेशी आपला सगळ्यात मोलाचा मजकूर कापते आणि त्याच जागी तो जोडते. विभागणाऱ्या पेशीकडे तुटलेला धागा जोडताना पाहायला ताजी नक्कल असते. चेतापेशीकडे नसते, तिला बहुधा दोन टोके सरळ सांधावी लागतात. तरी सतरा.

आजीच्या घरामागच्या सागाच्या पानातही हाच व्यवहार चालतो. पान पूर्ण वाढले की त्याच्या पेशी विभागणे थांबवतात, आणि गळेपर्यंत सूर्याकडे तोंड करून राहतात. सावलीत सरकण्याची मुभा त्यांना नाही. त्यांच्याकडे एक जास्तीचे हत्यार आहे, फोटोलायेज. ते उन्हातलाच निळा प्रकाश घेऊन अतिनील किरणांनी चिकटलेली अक्षरे काहीही न कापता सोडवते. हे विकर कांगारूकडे आहे, बेडकाकडे आहे, जिवाणूंकडे आहे. आपल्या वंशाने ते कधीतरी हरवले. अझीझ सँजर यांनी त्याच्यावर आयुष्य घालवले आणि लिंडाल यांच्यासोबत नोबेल मिळवले. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने ॲरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाच्या सबंध डीएनएत कापून भरण्याची दुरुस्ती कुठे होते ते पाहिले. ती वाचनाशी बांधलेली निघाली. जी जनुके सकाळी वाचली जातात ती सकाळी जास्त दुरुस्त होतात, जी संध्याकाळी, ती संध्याकाळी.

म्हातारपणी हे नाते कुठे सुटते, याचे मोजमाप अगदी अलीकडचे आहे. रॉटरडॅमचे यान हूयमेकर्स, योरिस पोटॉफ आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दोन वर्षांच्या, म्हणजे म्हाताऱ्या उंदरांच्या यकृतातली वाचणारी यंत्रे मोजली. धाग्यावर चालती असायला हवीत अशा पॉलिमरेजांपैकी सुमारे चाळीस टक्के अडकून उभी होती. जनुक जितके लांब तितका फटका मोठा, कारण लांब वाटेवर जखम भेटण्याची शक्यता जास्त. उंदरांत, माणसांत, अनेक अवयवांत वयाबरोबर लांब जनुकांचे वाचन घटते आणि आखूड जनुकांचे तुलनेने वाढते, हे दुसऱ्या गटांनीही पाहिले आहे. चेतापेशींची लांब जनुके आठवा, म्हणजे या आकड्याचे वजन कळेल.

याच प्रयोगशाळेत २०१६ मध्ये, दुरुस्तीचे एक प्रथिन कमी असलेल्या आणि म्हणून लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांना तीस टक्के कमी खायला दिले, तर ते तिप्पट जगले, आणि त्यांच्या लांब जनुकांचे वाचन बरेचसे टिकले. या निकालाच्या बातम्या उपवासाचा गौरव म्हणून पसरतात याचे मला वाईट वाटते. जिथे अंगणवाडीत मुलांचे वजन हीच मोठी चिंता आहे अशा मुलखात कमी खाण्याचा सल्ला कुणी देऊ नये; तो प्रयोग एका विशिष्ट बिघाडाच्या, पोटभर पोसलेल्या उंदरांवरचा आहे. मला त्यातून जास्त महत्त्वाचे वाटते ते हे की अडकलेले वाचन सुटे करता येते. मंदावलेली दुरुस्तीही पुन्हा सुरू करता येते, असा पुरावा आपल्याकडे मिळाला आहे. हैदराबाद विद्यापीठातले के. सुब्बा राव यांनी कित्येक वर्षे म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूतल्या चेतापेशी घेऊन त्यांतली दुरुस्ती तपासली. गळलेल्या अक्षरांच्या जागा भरण्याचे काम, म्हणजे लिंडाल यांच्या रोजच्या दहा हजारांचे काम, त्यांत फारच मंद झालेले होते. त्याच पेशींच्या अर्कात डीएनए पॉलिमरेज बीटा आणि लायगेज ही दोन विकरे बाहेरून मिसळल्यावर रिकाम्या जागा पुन्हा भरू लागल्या.